‘आई, मला दूध बु याव’

पत्राचा सारांश (नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

मूळच्या सांगलीकडच्या एका वाचक भगिनीचं पत्र सिंगापूरहून आलं आहे. त्यांचे यजमान तिथलेच, चिनी वंशाचे. लेक साडेचार वर्षांची. नवरा-बायको आपसात इंग्रजी बोलतात, घरकामाला असलेल्या इंडोनेशियन ताईही लेकीशी इंग्रजीच बोलतात. सासूबाई जवळच राहतात, दुपारी नातीला बालवाडीतून आणतात आणि तिच्याशी मँडरिन चिनी बोलतात. त्यांची स्वतःची बोली मात्र होक्कियन. पत्रलेखिका लेकीशी मराठी बोलतात. शनिवारी दोन तास चिनीचा वर्ग असतो, शिवाय कंदील बनवणं, ब्रशने अक्षरं काढणं, सिंहनृत्य बघायला जाणं. रविवारी अधूनमधून मराठी मंडळ. एवढं करूनही लेक हल्ली सगळ्यांना इंग्रजीत उत्तर देते. सांगलीच्या आजीचा व्हिडिओ कॉल आला की दोन मिनिटांत पळून जाते. एरवी ‘आई, मला दूध बु याव’ अशी वाक्यं करते (‘बु याव’ म्हणजे चिनीत ‘नको’). मूल गोंधळलंय, एक भाषा कमी करा, असं बालवाडीतल्या बाईंनी सांगितलं. सासूबाई चिनीसाठी आग्रही आहेत. दीड-दोन वर्षांत शाळेचा अर्ज भरायचा आहे. चिनी पक्की होईपर्यंत मराठी बाजूला ठेवू का, की आणखी वर्ग लावू, आणि शाळेत कोणती भाषा घेऊ, असं त्या विचारतात. शेवटी लिहितात, ‘मराठी सोडली तर आईला काय सांगू? आणि नाही सोडली तर लेकीचं नुकसान करतेय का?’

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या लेकीचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ‘आई, मला दूध बु याव.’ हे वाक्य एकदा सावकाश म्हणून बघा. ‘आई, मला दूध नको’ या वाक्यात जिथे ‘नको’ येतं, बरोबर त्याच जागी तिने ‘बु याव’ बसवलंय. हीच गोष्ट सासूबाईंना सांगताना चिनीत आधी ‘मी’, मग ‘नको’ आणि शेवटी ‘दूध’ असा क्रम लागतो. तुमच्या लेकीने तसं केलं नाही. ‘मी’ला ‘मला’ केलं, दूध मध्ये ठेवलं, नकार शेवटी आणला. म्हणजे मराठी वाक्याचा अख्खा सांगाडा तिने न चुकता उभा केला, आणि दुपारभर वापरून जिभेवर ताजा असलेला एकच शब्द त्यात घातला. याला मी तरी गोंधळ म्हणणार नाही. दोन भाषांची व्याकरणं डोक्यात वेगवेगळी लागली असतील तरच असं वाक्य जमतं.

मी बेळगावची आहे. आमची आजी शेजारणीशी कन्नडात हुज्जत घालायची आणि त्याच दमात मागे वळून आमच्यावर मराठीत ओरडायची. आम्ही पोरं एका वाक्यात दोन्ही भाषा कालवायचो आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आज मोठी माणसंसुद्धा ‘मीटिंग अटेंड करून येते’ म्हणतात, तेव्हा त्यांना कुणी एक भाषा कमी करायला सांगत नाही. मुलांनी केलं की आपण घाबरतो.

बालवाडीतल्या बाईंनी काळजीपोटीच सांगितलं असणार, त्यांच्यावर राग धरू नका. हा समज फार जुना आणि जगभर पसरलेला आहे. पण दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे मुलाची वाचा खुंटते किंवा मूल गोंधळतं, असं मुलांच्या भाषेचा अभ्यास करणारे आज मानत नाहीत. होतं ते इतकंच, की शब्द वाटले जातात. स्वयंपाकघरातले शब्द एका भाषेत जास्त, खेळातले दुसरीत. एकाच भाषेचे मोजले तर कमी भरतात, सगळ्यांची बेरीज केली तर मूल मागे नसतं. खरी काळजी करायची खूण वेगळी आहे. मूल कुठल्याच भाषेत वयाप्रमाणे बोलत नसेल, साधं सांगितलेलं समजत नसेल, ऐकू येण्याबद्दल शंका असेल, तर बहुभाषक मुलांची सवय असलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञांना जरूर दाखवावं. तेव्हाही घरातली एक भाषा काढून टाकणं हा उपाय नसतो. तुमची लेक तर बालवाडीत अखंड बडबडते, असं तुम्हीच लिहिलंय.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही मराठी आणि चिनी यांना तराजूच्या दोन पारड्यांत घातलंय: हे हलकं केलं तर ते जड होईल. माझी विनंती आहे, आज रात्री लेक झोपली की एक कागद घ्या आणि तिच्या जागेपणाचा आठवडा मांडा. साडेचार वर्षांचं मूल आठवड्याला सुमारे ८५ तास जागं असतं. त्यातले किती तास तिच्याशी कोण, कुठल्या भाषेत बोलतं? तुम्ही नोकरी करता, म्हणजे मराठी सकाळी घाईत आणि रात्री झोपताना. चिनी दुपारचे तास-दोन तास, तेही टीव्ही चालू नसेल तर, आणि शनिवारचे दोन. उरलेलं सगळं इंग्रजी: बालवाडी, घरकामाच्या ताई, कार्टून, खाली खेळायला येणारी मुलं, तिचे बाबा, आणि जेवणाच्या टेबलावर तुम्ही दोघं. कागदावर हे दिसलं की तुमच्या लक्षात येईल, चिनी आणि मराठी या सवती नाहीतच. त्या एकाच बाजूच्या आहेत. तुम्ही उद्या मराठी बंद केलीत तर मोकळ्या झालेल्या वेळात चिनी येऊन बसणार नाही. तिथे इंग्रजीच येईल, कारण लेकीशी दुसरं बोलायला तुमच्याकडे इंग्रजीच आहे.

हे फक्त तुमच्या घरात घडतंय असं नाही. सिंगापूरच्या २०१० च्या जनगणनेत घरी मुख्यतः इंग्रजी बोलणारे रहिवासी ३२.३ टक्के होते, २०२० मध्ये ते ४८.३ टक्के झाले. मँडरिन त्याच काळात खाली येऊन २९.९ टक्क्यांवर आली. जिथे चार लोकांपैकी तीन जण चिनी वंशाचे आहेत आणि त्यांच्या मुलांना शाळेत चिनी सक्तीने शिकवली जाते, तिथेही घराघरांतून ती मागे सरतेय. तेव्हा तुमच्या मराठीने चिनीची वाट अडवलीय हा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊ नका.

इथे मला सासूबाईंबद्दल थोडं बोलायचंय. पत्रात त्या जरा आडमुठ्या वाटतात, ‘चिनी आधी, बाकी नंतर’ म्हणणाऱ्या. पण त्यांची होक्कियन कुठे गेली, हे तुम्ही कधी विचारलंय का? १९७९ मध्ये ली क्वान यू यांच्या सरकारने ‘मँडरिन बोला’ अशी मोहीम सुरू केली. त्याआधी तिथल्या चिनी घरांत होक्कियन, तिओच्यू, कँटोनीज अशा बोली चालत. घरात बोली बाजूला ठेवा म्हणजे मुलांची मँडरिन सुधारेल, असं लोकांना सांगितलं गेलं. रेडिओ-टीव्हीवरूनही बोली जवळपास गेल्या. एका पिढीत असं झालं की आजी होक्कियनमध्ये बोले आणि नातवंडांना ती कळेना. मुलांच्या भल्यासाठी आईबापांनी एक भाषा बाजूला ठेवली, आणि नंतर ती परत आलीच नाही. तुम्ही आज ज्या दारात उभ्या आहात, त्या दारातून सासूबाईंची पिढी गेलेली आहे. त्यांच्या आग्रहामागे धाक असेल, पण हातातली उरलेली भाषाही जाईल ही भीतीही असू शकते. एकदा दोघीच असताना विचारा, ‘तुम्ही तुमच्या आईशी काय बोलायचात? मुलांशी कधी थांबवलंत?’ मला वाटतं, या बाबतीत घरात तुम्हाला सगळ्यात जवळची बाई तीच असेल. आणि हो, होक्कियनमध्ये माणूस भेटला की ‘चिआ पा बुए’ म्हणतात, म्हणजे पोटभर जेवलात का. तुमच्या आई फोनवर पहिलं वाक्य कुठलं बोलतात?

आता वर्ग आणि कार्यक्रम. आणखी लावू का, तर माझं उत्तर नाही, आहेत त्यातलेही कमी करा. २००३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना १२ बैठकांत चिनी ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस प्रत्यक्ष बसायचं, खेळणी दाखवायचं, डोळ्यांत बघून बोलायचं. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. समोर माणूस होता त्या बाळांचे कान चिनीचे बारीक आवाज ओळखायला लागले. पडद्यावाल्यांना काही उपयोग झाला नाही. तुमची लेक बाळ नाही, मोठी आहे, पण यातली गोष्ट तिलाही लागू पडते: भाषा माणसाच्या ओढीने येते.

शनिवारच्या वर्गात ती गप्प बसते म्हणता. तिथे तिला ज्याच्याशी बोलावंसं वाटेल असं कोण आहे? पंधरा मुलं, सगळी आपसात इंग्रजी बोलणारी, आणि बाई रंगांची नावं म्हणवून घेतात. कंदिलाचं म्हणाल तर कात्री आण, डिंक लाव हे सगळं इंग्रजीत होत असेल तर ती छान हस्तकला झाली, भाषा नाही. कार्यक्रम वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. सणाच्या भोवती जी बडबड असते, घाई, रुसवे, ‘हे धर, ते सांडू नकोस’, ती ज्या भाषेत होते तीच मुलात उतरते. साडी नेसवून फोटो काढले किंवा लाल झगा घालून सिंहनृत्य बघितलं, तर मुलाला सण आठवतो, भाषा नाही.

म्हणून माझी सूचना अशी: शनिवारच्या वर्गाऐवजी सकाळी लेकीला सासूबाईंबरोबर बाजारात पाठवा. मासळी-भाजीच्या ओल्या बाजारात चिनी जशी जिवंत ऐकू येते तशी वर्गात येत नाही. चिनीत वस्तू नुसत्या मोजत नाहीत, प्रत्येकीला मोजायचा वेगळा शब्द असतो. मासा, रस्ता, नदी, विजार अशा लांबट गोष्टींना एक, पुस्तकांना दुसरा. परक्याला हे पाठ करताना घाम फुटतो. पण जिच्या आईच्या भाषेत मेथीची जुडी, केळ्यांची फणी आणि लसणाची गड्डी असते, तिला यात नवल काय वाटणार? मासेवाल्यासमोर उभं राहून आजीने दहा वेळा म्हटलं की ते बसतं. घरी आली की तुम्ही तीच पिशवी मराठीत रिकामी करा.

सणांचंही तसंच. चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मध्यशरद सण येतो, कंदील आणि मूनकेकचा. आपली कोजागरी आश्विन पौर्णिमेला. २०२५ मध्ये दोन्ही एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आल्या. एरवी बहुतेक वर्षी महिन्याचं अंतर पडतं. चिनी गोष्टीतल्या चंद्रावर ससा असतो आणि तो औषध कुटत बसलेला असतो. आपणही चंद्राला शशी, शशांक म्हणतो ते त्या सशावरूनच. तेव्हा पुढच्या खेपेला कार्यक्रमाची तिकिटं काढू नका. गच्चीवर किंवा इमारतीखाली चटई टाका. सासूबाईंनी त्यांचा ससा सांगावा, तुम्ही तुमचा. मूनकेक आणि मसाला दूध शेजारी शेजारी ठेवा. दूध तिला बु याव असलं तरी हरकत नाही.

त्या ‘बु याव’वरून आणखी एक सांगते. तुम्ही ‘बु’ लिहिलंत, कारण चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन नावाच्या रोमन पद्धतीत तिथे ‘बी’ लिहितात. पण सासूबाई कशा म्हणतात ते कान देऊन ऐका. ते ‘पु याव’च्या जवळ जातं. पिनयिनमधल्या बी आणि पी यांत जो फरक आहे तो बराचसा आपल्या ‘प’ आणि ‘फळ’मधल्या ‘फ’चा आहे, डी आणि टीमधला ‘त’ आणि ‘थ’चा. मराठी कानाला हा फरक आधीच येतो. ‘चाकू’तला च आणि ‘चिमणी’तला च वेगळे आहेत हे तुमच्या लेकीला कुणी न शिकवता येतं, आणि चिनीतही त्या दोन्हींच्या जवळचे आवाज आहेत. मराठी काढून टाकून चिनी सोपी होईल, हे गणित इथेही चुकतं.

नात्यांत तर ही मौज फारच आहे. इंग्रजीत सगळे अंकल आणि आंटी. चिनीत मामा वेगळा, काका वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी, आपल्यासारखीच. वर आणखी बाबांचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांना निराळी नावं, आणि आईची आई व बाबांची आई यांनाही. बाबांची आई नायनाय, आईची आई वायफो. म्हणजे तुमच्या सांगलीच्या आईला चिनीत वायफो हे स्वतःचं स्थान आहे. सासूबाईंनी तिला तसं म्हणावं असं सुचवून बघा. आणि तुम्ही लिहिलेला बागेतला प्रसंग, लेक ‘आई’ म्हणून हाक मारते आणि दुसऱ्याच बायका वळून बघतात, त्याचं कारण हेच: चिनीत ‘आयी’ म्हणजे मावशी, आणि कुठल्याही अनोळखी बाईलाही मुलं तसंच म्हणतात. घरातल्या भिंतीवर मोठा कागद लावा, सगळ्या नातेवाईकांचे फोटो चिकटवा, आणि प्रत्येकाखाली दोन्ही भाषांतली हाक लिहा. कोण कुणाला काय म्हणतं, हे लेकीने दोन्ही आज्यांना समजावून सांगायचं. त्या घरात दोन्हीकडची नाती माहीत असलेली ती एकटीच आहे. तिला ते पद द्या.

आता मराठी. बेल्जियमच्या डच भाषक भागात आनिक द हाउवर यांनी सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी करून २००७ मध्ये प्रसिद्ध केली. घरात दोन भाषा असलेल्या मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा शाळेचीच भाषा बोलत होता, घरातली दुसरी भाषा बोलतच नव्हता. ‘एका पालकाची एक भाषा’ या पद्धतीचं पुस्तकांत फार कौतुक असतं, पण तिनेही खात्री मिळत नाही. जिथे दोघंही पालक घरात ती लहान भाषा बोलत तिथे ती बहुतेक टिकली होती. तुमच्याकडे ते शक्य नाही, मान्य. पण तुमच्या यजमानांना ‘जेवायला या’, ‘दे’, ‘झोपा आता’ इतकं मराठी बोलता आलं तरी लेकीला एक गोष्ट कळते: ही आईची खासगी, लपवायची भाषा नाही, घराची आहे. तंजावरला १६७० च्या दशकात व्यंकोजी राजांबरोबर गेलेल्या मराठी घरांनी साडेतीनशे वर्षं तमिळ मुलुखात मराठी टिकवली. शेजार तमिळ, बाजार तमिळ, मराठी चुलीपाशी. त्या मराठीत तमिळ भरपूर मिसळलीय. आपल्या कानाला ती वेगळी लागते. पण ती बोलली जाते.

लेक इंग्रजीत बोलली तर काय करायचं? ‘मला समजलंच नाही’ असं नाटक करू नका. तुम्हाला इंग्रजी येते हे तिला पक्कं माहीत आहे, तिला ते खोटं वाटेल आणि दुखेल. रागावूही नका. ती इंग्रजीत ‘आंघोळ करायची नाही’ म्हणाली तर तुम्ही सहज म्हणा, ‘आंघोळ नकोय? बरं, मग पाय तरी धुऊ. आधी डावा की उजवा?’ तिचं वाक्य मराठी होऊन तिच्या कानावर परत गेलं, आणि उत्तर द्यायला दोनच शब्द पुरे झाले. हे दिवसातून वीस वेळा करावं लागतं, आणि कंटाळा येतो. संध्याकाळी दमून आल्यावर तुमच्याच तोंडून इंग्रजी निसटली तर मन खाऊ नका, पुढचं वाक्य मराठीत घ्या. लिपीची घाई नको. इंग्रजी आणि चिनी अक्षरं शाळेत येणारच आहेत. देवनागरी सात-आठ वर्षांची झाल्यावर शिकवलीत तरी चालेल. जसं बोलतो तसं बरंचसं लिहितो, म्हणून ती लवकर येते. तोवर गोष्टी तोंडी, आणि रोज.

यजमानांचं तुम्ही एका ओळीत उरकलंय: ‘त्यालाच चिनी आवडत नाही.’ सिंगापूरच्या शाळेत दर आठवड्याला ‘थिंगश्ये’ असतं, म्हणजे शुद्धलेखन: बाई शब्द सांगणार, मुलांनी चिनी अक्षरं लिहायची, चुकलं की गुण गेले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या कितीतरी मुलांनी त्याचा धसका घेतला. त्यांना लेकीचे मास्तर व्हायला सांगू नका. रात्रीची दहा मिनिटं, एक चित्रांचं पुस्तक, एवढंच मागा. वाचनालयात चिनी पुस्तकं भरपूर मिळतात. अडखळले तरी चालेल, लेकीला बाबांचं अडखळणंही हवंच असतं.

आणि तुम्हीही चिनी शिका. सासूबाईंकडून, लेकीच्या देखत. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर होते. चिनी शिकले, बोलायला आणि लिहायलाही, तिथे शिकवू लागले, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉक्टर गेले, त्यामुळे त्या मुलाला बापाची मराठी ऐकायला मिळालीच नाही. तुमच्या लेकीला ती ऐकवणारी तुम्ही आहात, आणि एवढ्यासाठी तरी ‘बाजूला ठेवू का’ हा विचार सोडून द्या, असं मला मनापासून सांगावंसं वाटतं.

शाळेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. सिंगापूरच्या शाळेत माध्यम इंग्रजी, आणि ‘मातृभाषा’ या नावाचा विषय म्हणजे चिनी, मलय किंवा तमिळ. तमिळ नसलेल्या भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांतली एक घेता येते. मराठी त्या यादीत नाही, म्हणून अनेक मराठी घरं हिंदी घेतात. आईबाबा वेगवेगळ्या वंशांचे असतील तर निवडीला वाव असतो, नियमाचे बारकावे शाळेत विचारून घ्या. तुमच्या बाबतीत मी चिनीच घ्या म्हणेन. रोज दुपारी हात धरून घरी आणणारी चिनी आजी आहे, आणि लिपी एक असली तरी हिंदी शिकून सांगलीच्या आजीशी मराठी बोलता येणार नाही. फक्त त्या ‘मातृभाषा’ शब्दाने मनाला लावून घेऊ नका. तो सरकारी विषयाचं नाव आहे, तुमच्यावरचा निकाल नाही.

शांघायला, हाँगकाँगला असलेल्या किंवा पुण्यात मुलांना चिनीच्या वर्गाला घालणाऱ्या वाचकांनाही वरचा कागद मांडून बघता येईल. घरात चिनी बोलणारं कुणीच नसेल तर वर्ग हा छंद आहे, आणि छंद म्हणून उत्तमच. त्यातून मूल द्विभाषक होईल ही अपेक्षा मात्र त्या दोन तासांवर लादू नका. मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी शाळांच्या घरांना तर चिनीशिवायही हा कागद लागू आहे.

राहिला आईंचा व्हिडिओ कॉल. तुमच्या वर्णनात मला एक गोष्ट खटकली. आजी विचारतात, लेक इंग्रजीत काहीतरी म्हणते, आणि तुम्ही लगेच मध्ये पडून मराठी करून सांगता. मग लेकीला मराठी बोलायची गरज काय? सांगलीच्या आजीला इंग्रजी येत नाही, ही या सगळ्यात तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि ती तुम्हीच रोज खर्च करून टाकता. शिवाय ‘जेवलीस का, शाळेत काय केलंस, पप्पी दे’ या प्रश्नांना कुठलंही मूल दोन मिनिटांत कंटाळेल. आजीने काहीतरी करायला हवं, आणि नातीने ते बघायला हवं. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा सांगलीत पाच, चहाची वेळ. चहा हा शब्दही मुळात चिनीच, ‘छा’वरून आलेला, आणि सासूबाईंच्या होक्कियनमध्ये त्याला ‘ते’ म्हणतात, ज्यातून इंग्रजी ‘टी’ झाला. हे लेकीला कधीतरी सांगा, तिला आवडेल. या शनिवारी मात्र आईंना इतकंच सांगा की फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेव, आधण ठेव, आलं किसायला घे, आणि किती चमचे साखर घालू ते नातीला विचार. मग तुम्ही खोलीतून बाहेर जा.